बाबासाहेब आणि बाळंतपणाचं बिल

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? राज्यघटना, महाडचं चवदार तळं, निळा कोट आणि हातातलं पुस्तक. आपल्या शहरात तर १४ एप्रिलला भडकल गेटला आणि १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर जी गर्दी होते ती हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेली आहे. (त्या दिवशी रिक्षा मिळत नाही म्हणून लक्षात राहते, असं म्हणणारेही आमच्या विंगमध्ये आहेत!) पण ह्याच माणसाने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेवर कौन्सिलमध्ये भाषण केलं होतं आणि खाणीतल्या मजूर बायकांच्या पोरांसाठी पाळणाघरांच्या कायद्याला हात घातला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

मला तरी थर्ड इयरला येईपर्यंत माहीत नव्हतं. माहीत झालं ते प्लेसमेंटमुळे. मागच्या सीझनला आमच्या एका सिनियर ताईला इंटरव्ह्यूमध्ये विचारलं गेलं की लग्नाचं काय ठरलंय, मुलंबाळं झाल्यावर नोकरी करणार का. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तो प्रश्न काही एकाच कंपनीचा नाही. ताईच्या बॅचमधल्या एकाही मुलाला हा प्रश्न विचारला गेला नाही. त्या रात्री आमच्या विंगमध्ये झोप कुणालाच आली नाही, मॅगी मात्र चार पाकिटं संपली! तेव्हाच कुणीतरी मोबाईलवर आलेला एक मेसेज वाचून दाखवला, की बाळंतपणाची रजा बाबासाहेबांनी दिली आणि चौदा तासांचं काम आठ तासांवर आणलं. मोबाईलवर आलेल्या गोष्टींवर माझा विश्वास जरा कमीच. म्हणून लायब्ररीतून शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड काढले, दुसरा आणि दहावा. ते इंग्रजीत आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा मराठी लेखासाठी उपयोग झाला! (शुद्धलेखनाचं मात्र संपादक सरांनी बघून घ्यावं.)

तर मित्रांनो, मेसेज पूर्ण खरा नाही. पण खरी हकीकत मला त्या मेसेजपेक्षा मोठी वाटली.

भीमराव हे रामजी आणि भीमाबाई यांचं चौदावं अपत्य. चौदावं! त्यातली मोजकीच जगली. १८९१ साली महूला जन्म झाला आणि भीम पाच-सहा वर्षांचा असताना साताऱ्याला आई गेली. मग मुलांना सांभाळलं ते मीराबाई आत्यांनी. त्या काळात पाळणाघर म्हणजे घरातली एखादी आत्या, आजी, नाहीतर विधवा काकू. ती असली तर मूल वाढायचं, नसली तर मग नशीब. सरकारचा आणि मूल वाढवण्याचा काही संबंध असतो हे कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

पुढचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्री लग्न लागलं, नवरी रमाबाई वयाने अगदीच लहान. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यशवंतचा जन्म. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा यशवंत एक वर्षाचाही नव्हता. १९१७ ला परतले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, आणि १९२० ला पुन्हा लंडन, ते १९२३ पर्यंत. एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर.

ही वर्षं आपण पदव्यांच्या यादीने मोजतो. रमाबाईंच्या बाजूने मोजली तर हिशोब वेगळा लागतो. नवरा सातासमुद्रापलीकडे, घरात खाणारी तोंडं बरीच आणि मिळकत जवळजवळ नाही. रमाबाई शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या आणि विकायच्या असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी त्यांची चार मुलं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. तोवर बाबासाहेब परत आलेले होते, बॅरिस्टर होते, आणि तरीही मूल वाचलं नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत हे सगळं घडलं. मला ह्या भागात बाबासाहेबांपेक्षा रमाबाईंचंच जास्त वाटलं. एक माणूस जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकत होता आणि त्याच्या वाट्याचा संसार दुसरं माणूस एकटं ओढत होतं. बाबासाहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. रमाबाई १९३५ साली गेल्या, आणि १९४० मध्ये निघालेलं पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीलाच अर्पण केलं.

आता परळच्या चाळीच्या आजूबाजूला बघू या. आजूबाजूला गिरण्या. गिरण्यांत हजारोंनी बायका, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. बाई कोकणातून नाहीतर घाटावरून आलेली, सासू-आई गावाकडे, आणि घरी तान्हं मूल. त्याला कुठे ठेवणार? त्याचं उत्तर होतं बाळगोळी. अफूची छोटीशी गोळी. सकाळी भोंग्याआधी मुलाला दिली की ते झोपून राहायचं आणि आई कामावर जायची. हे एखाददुसऱ्या घरातलं नव्हतं. १९२० च्या सुमाराला मुंबई सरकारने एका डॉक्टर बाईंना ह्या कामगार बायकांची पाहणी करायला नेमलं, तेव्हा बाळगोळी जवळजवळ घरोघर असल्याचं दिसून आलं. आणि बाळंतपणाचं काय? पोट दुखेपर्यंत काम करायचं, बाळंत व्हायचं आणि उठता येईल तेव्हा परत यायचं, जागा असली तर! मधल्या दिवसांचा पगार नाही. म्हणजे ज्या महिन्यात दूध-तूप जास्त हवं त्याच महिन्यात घरात पैसा कमी. मग सावकार, पठाण आणि व्याज.

ह्याला कायद्याने काही करावं हा विचार पहिल्यांदा जगाच्या पातळीवर मांडला गेला १९१९ साली. पहिलं महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि वॉशिंग्टनच्या तिच्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणाच्या बारा आठवड्यांच्या रजेचा करार झाला. त्या परिषदेला भारतातल्या कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी गेले होते. जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात असं बिल आणलं. ते पडलं. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलमध्ये १९२८ साली आर. एस. असवले यांनी वेगळं बिल आणलं. म्हणजे बिल असवल्यांचं, आणि त्यांच्या आधी वाट पाडली जोशींनी. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद होते, वय ३७. त्यांनी ह्या बिलाच्या बाजूने भाषण केलं ते २८ जुलै १९२८ रोजी. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिने चाललेला मोठा संप ऐन रंगात होता हे लक्षात घ्या. गिरणीमालक आधीच चिडलेले, त्यात हे बिल!

भाषण काही फार लांबलचक नाही. पण मी ते तीनदा वाचलं, कारण त्यात एक मुद्दा असा आहे जो आम्ही चार पाकिटं मॅगी संपवूनही काढू शकलो नव्हतो. मुद्दा असा की ह्या रजेचे पैसे भरायचे कुणी?

मालकांच्या बाजूचं म्हणणं होतं की बाई बाळंत होते ह्यात आमचा काय संबंध, आम्ही का पैसे द्यायचे. बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलं ते भावनेचं नाही, हिशोबाचं. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं ही सगळ्या देशाच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी आधी मान्य केलं. जिथे जिथे असे कायदे झाले तिथे सरकारच्या तिजोरीवर काही भार पडतोच, हेही दाखवलं. पण म्हणून मालक सुटत नाही. मालक काही खात्यांत बायकाच का घेतो? कारण पुरुषापेक्षा बाई त्याला जास्त फायद्याची पडते. ज्याने बाई कामावर घेतल्याचा खास फायदा घ्यायचा, त्याने बाई असण्याचा खर्चही थोडा सोसायचा. इतकं सरळ!

त्या भाषणात स्वतःच्या घरचा एक शब्द नाही. राजरत्नला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला. भारतातला बाळंतपणाच्या लाभाचा हा पहिला प्रांतिक कायदा. मुदत सगळी मिळून सात आठवडे, आणि सगळा भार मालकावर. सरकारचा वाटा नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या हिशोबातला अर्धाच भाग कायद्यात आला. (आपलं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता हेही सांगून टाकते.) पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांमधून बायकांचं प्रमाण घटत घटत गेलं. त्याची कारणं बरीच आहेत, बायकांना रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, कामगार कपात. पण बाई घेतली की पुढे खर्च आहे, हा विचार मालकाच्या वहीत तेव्हाच शिरला, आणि मला वाटतं तो अजून खोडला गेलेला नाही. आमच्या सिनियर ताईला विचारलेला प्रश्न त्याच वहीतला आहे.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोव्हेंबर १९३८ मध्ये पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. किती मुलं व्हावीत हा विषय सभागृहात काढणं त्या काळात किती अवघड गेलं असेल याची कल्पना करा, आपल्याकडे अजून बायॉलॉजीचा तो धडा मॅडम घाईघाईने संपवतात! ठराव अर्थातच फेटाळला गेला. पण चौदाव्या अपत्याच्या पक्षाने हा ठराव आणावा हे मला विशेष वाटलं.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री. दहावा खंड सगळा ह्याच चार वर्षांचा आहे. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की जी जयंतीच्या भाषणात कधी ऐकू येत नाही. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. १९४३ साली, युद्ध चालू आणि कोळसा कमी पडतोय म्हणून, सरकारने ती बंदी उठवली. खातं बाबासाहेबांचं! फेब्रुवारी १९४४ मध्ये रेणुका राय यांनी कायदेमंडळात त्यावर सरकारला धारेवर धरलं आणि बाबासाहेबांनी निर्णयाचं समर्थन केलं. त्यांचं म्हणणं, हा युद्धापुरता उपाय आहे, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच पगार मिळेल अशी अट घातली आहे.

मला हे समर्थन पटत नाही. समान पगार ही मोठी गोष्ट आहे, मान्य. पण गरोदर बाई खाणीत उतरते आणि तिचं मूल वर कुणाच्या तरी ओट्यावर पडून राहतं, ह्यावर समान पगाराने काय होणार? रेणुका रायांचा आक्षेप मला जास्त बरोबर वाटतो. पण बाबासाहेबांच्या बाजूने एवढं नक्की म्हणेन की ते कागदावर सही करून गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणींना जाऊन आले, स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरं पाहिली. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभा केला गेला. खाणीतल्या बायकांसाठी १९४१ चा जो बाळंतपणाचा कायदा होता त्यात आठ आठवडे आणि रोज आठ आणे असा हिशोब होता. त्या कायद्यात १९४३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९४५ मध्ये परत एकदा, जमिनीखाली काम केलेल्या बायकांसाठी मुदत वाढवणारी. १९४५ सालीच खाणमालकांना पाळणाघर काढायला लावण्याचा अधिकार सरकारने घेतला आणि १९४६ मध्ये खाणीतल्या पाळणाघरांचे नियम आले. फेब्रुवारी १९४६ पासून जमिनीखाली बायकांना परत बंदी झाली.

मोबाईलवरच्या मेसेजमधला आठ तासांचा भाग? तोही ह्याच काळातला आहे, फक्त आकडा चुकलाय. १९३४ च्या कायद्याने कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीच होती. १९४६ च्या दुरुस्तीने, बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या, ती ४८ वर आली. चौदावरून आठ नव्हे, आठवड्याला सहा तास कमी. पण सहा तास म्हणजे रोजचा एक तास! एका तासात काय होतं ते आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं, आणि घरी लहान मूल असणाऱ्याला रोजच कळत असणार. हा तास बापालाही मिळाला हे विसरू नका. मूल सांभाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ फक्त आईच्या रजेतून येत नाही, बापाच्या शिफ्टमधूनही येतो. सरकारने कामाचे तास ठरवले की घरातली कामाची वाटणी बदलू शकते. बदलेलच असं नाही, पण निदान घरी यायला उशीर होतो हे कारण तरी जातं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ह्या काळातली तिसरी गोष्ट. १९४३ मध्ये मजूर खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितलं. १९४४ मध्ये अहवाल आला. त्यावर पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, १९४८ साली, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. ह्यात मालकाकडून काही, कामगाराकडून काही असा पैसा एका फंडात जमा होतो आणि बाळंतपणाचा लाभ त्या फंडातून दिला जातो. मालकाने बाई ठेवली काय आणि पुरुष ठेवला काय, वर्गणीचा दर तोच! १९२८ च्या भाषणातला राहून गेलेला अर्धा हिशोब कुठे जुळतो तर इथे. खर्च एका मालकाच्या डोक्यावर न टाकता सगळ्यांत वाटून घ्यायचा.

मग आपली ताई? तिच्या रजेचा खर्च फंडातून येणार नाही का? हे समजून घ्यायला मी आमच्या अकाउंट्स सेक्शनमधल्या काकांना गाठलं. ईएसआय एका पगारापर्यंतच लागू होतं. २०१७ साली ती मर्यादा महिना २१ हजार रुपये ठरली. आता आपल्याकडे कॅम्पसला साडेतीन-चार लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला जवळजवळ तीस हजार. झालं, फंडातून बाहेर! तिच्यासाठी बाळंतपणाचा दुसरा कायदा होता, १९६१ चा. त्याच २०१७ साली दुरुस्ती होऊन त्यातली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. (ह्याच तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत.) रजा दुपटीहून जास्त झाली, आनंद आहे. पण सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार द्यायचा कुणी? एकट्या कंपनीने. सरकारचा वाटा शून्य. आणि बापाला? केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर पंधरा दिवस. खाजगी कंपनीत असेल तर कायद्याने एक दिवससुद्धा नाही, कंपनीच्या मर्जीवर. केंद्र सरकारच्या बाई कर्मचाऱ्याला २००८ पासून सबंध नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते, आणि तिच्याच वयाच्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या खाजगी कंपनीतल्या बाईला ती नाही. एकाच सोसायटीतली दोन मुलं, एकाची आई परीक्षेच्या वेळी घरी आणि दुसऱ्याची नाही, हा फरक आईच्या मायेचा नाही, नोकरी कुणाची त्याचा आहे.

इंटरव्ह्यू घेणारा माणूस दुष्ट असतो असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर दोन रेझ्युमे आहेत, मार्क सारखे, आणि कायद्यानेच त्याला शिकवलंय की त्यातल्या एकाचा सहा महिन्यांचा जादा खर्च येऊ शकतो. दोघांचा येऊ शकत असता, किंवा खर्च फंडातून जात असता, तर त्याने तो प्रश्न विचारला असता का?

इथे थोडं घरचं लिहिते. माझी आई बी.एस्सी. आहे. लग्नाआधीपासून एमआयडीसीमध्ये एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. माझ्या वेळेस बारा आठवड्यांची रजा होती. ती संपली तेव्हा मी तीन महिन्यांचीही नव्हते. आजी पैठण तालुक्यात गावाकडे, शेत सोडून येऊ शकत नव्हती. बाबांची जनरल शिफ्ट, पण येईपर्यंत आठ वाजायचे. कंपनीत पाळणाघर नव्हतं. आईने दोन महिने शेजारच्या मावशींकडे ठेवून पाहिलं आणि मग नोकरी सोडली. आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगितली जाते की आईने माझ्यासाठी नोकरी सोडली. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं की मधे एक खोली, एक आया आणि चार पाळणे असते तर माझ्यासाठी असं काही सोडायची वेळच आली नसती. लॅबमधलं काम तिला अजून आठवतं. टायट्रेशनचे रीडिंग माझ्याकडून चुकले की ती फोनवरून सांगते कुठे चुकलं.

आणि हे सगळं झालं पगारपत्रक असणाऱ्यांचं. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी जातात. कोयता म्हणतात तो नवरा-बायको दोघांचा मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली, काम सोडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्या बाईला कसली सव्वीस आठवड्यांची रजा! मूल उसाच्या फडाच्या बांधावर. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि सरकारला समिती नेमावी लागली, ते आपण पेपरात वाचलंच आहे. खाडा पडू नये म्हणून शरीराचा भागच काढून टाकायचा, इथपर्यंत गोष्ट गेली. गावात अंगणवाडी आहे, १९७५ पासूनची योजना. पण अंगणवाडी काही तासांची असते, आईची पाळी मात्र उजाडण्याआधी सुरू होते. आणि जी सेविका दुसऱ्यांची मुलं सांभाळते तिला पगार नाही, मानधन!

बाबासाहेबांच्या आयुष्याकडे परत येते. घटना समितीच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते हे सर्वांना माहीत आहे. त्या घटनेच्या ४२ व्या कलमात लिहिलंय की राज्याने कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिविषयक साहाय्य यासाठी तरतूद करावी. कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्यासाठी सरळ कोर्टात जाता येत नाही. पण १९२८ साली कौन्सिलमध्ये जी गोष्ट सरकारची जबाबदारी म्हणून मांडली होती, ती बावीस वर्षांनी देशाच्या घटनेत राज्याचं कर्तव्य म्हणून आली. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडकलं म्हणून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्याच सुमाराला ते आपल्या शहरात वरचेवर येत होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज १९५० मध्ये इथे सुरू झालं, तेच आजचं मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नाव दिलं नागसेनवन. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, पहिल्यांदाच शाळा ओलांडलेली मुलं तिथे शिकली. पुढे जे विद्यापीठ झालं त्याला १९९४ मध्ये त्यांचं नाव जोडलं गेलं, आणि आपल्यातल्या कित्येकांच्या आई-वडिलांच्या डिग्रीवर ते नाव आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले. बाळंतपणाचा सगळ्या देशासाठीचा एकच कायदा त्यानंतर पाच वर्षांनी आला.

आपल्या कॉलेजच्या नव्या बिल्डिंगचं काम चालू आहे, वर्कशॉपच्या मागे. तिथे सेंटरिंगच्या दोन बल्ल्यांना जुन्या साडीची झोळी बांधलेली असते. आई घमेलं घेऊन जाता-येता झोळीला एक झोका देऊन जाते. बाप वर स्लॅबवर असतो. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती हे मी शोधून काढलं, आणि मोठ्या उत्साहाने साइटवर जाऊन बायका मोजल्या. कायद्याची अट होती पन्नासहून अधिक बायका. आमच्या साइटवर अकरा भरल्या.